शेठजी, आपल्या कृपेने बंगला अंगणात उभा आहे

प्रति,
श्रीमान शेठजी,
जुन्या आलिशान मोटारघरांचे विक्रेते,
मुक्काम महामार्गालगत, ढाब्याच्या मागे.

सा. न. वि. वि.

आपले नाव या पत्रात घालत नाही. एक तर थोरामोठ्यांना नावाने हाक मारू नये, असे आम्हाला लहानपणी शिकवलेले. दुसरे, आपण दिलेल्या पावत्यांवर तीन निरनिराळी नावे आहेत. त्यांतले आपल्याला कोणते आवडते ते ठाऊक नाही.

मी रिठदचा. तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. आमच्या शिवारात सोयाबीन पिकते, तूर पिकते, हळदही बरी येते. निळ्या दिव्यांचे, मऊ सोफ्यांचे चालते-फिरते घर तेवढे कुणाच्या अंगणात नव्हते. ती उणीव आपण दूर केलीत. ‘चालते-फिरते’ हे आपल्या जाहिरातीतले शब्द आहेत, माझे नव्हेत.

माझ्या पुतण्याचे रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे बँकेत पडून होते. पडून राहिलेला पैसा माणसाला आळशी करतो, हे ओळखून आपण ते तातडीने कामाला लावलेत. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, हेही आम्हाला आपल्याच मुखातून कळले. ‘शेगाव, लोणार, औंढा नागनाथ, माहूर, पोहरादेवी, सगळी ठिकाणे तुमच्या घराभोवती. भाविकांचे कुटुंब गाडीतच झोपेल, गाडीतच रांधेल, तुम्ही बसून भाडे मोजायचे!’ धोरण आपल्याला तोंडपाठ होते. गाडीच्या आरसी बुकाबद्दल विचारले तेव्हा मात्र चहा आला.

चहा उत्तम होता. त्याबद्दल आभार वेगळे.

किंमत अठरा लाख. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. त्या भावाने हे झाले सुमारे ३६८ क्विंटल. बाजारात तो भाव मिळत नव्हता, तेव्हा चारशेच्या पुढेच धरा. एवढे सोयाबीन आपण एका सहीत मळून नेलेत. मजूर लागला नाही, हार्वेस्टर लागला नाही.

गाडी दाखवायची वेळ काय साधलीत! दिवेलागणीची. आत निळे दिवे, कपाटातून आपोआप वर येणारा टीव्ही, अत्तराचा फवारा. बाहेर अंधार. गंज दिव्याच्या उजेडात दिसत नाही आणि सोफ्यावर बसलेला माणूस वाकून खाली बघत नाही, हे मनुष्यस्वभावाचे ज्ञान पुस्तकातून येत नाही. पुतण्या तिथूनच फोनवर ओरडला, “काका, गाडी नाही हे, बंगला हाय बंगला!”

आरशाभोवती बल्बांची माळ होती. मुंबईच्या एका मोठ्या तारकेची ही व्हॅनिटी, असे आपण खालच्या आवाजात सांगितलेत आणि नाव मात्र गिळलेत. तारकांच्या खासगीपणाची एवढी कदर हल्ली कोण करतो? हिंदी सिनेमाच्या सेटवर व्हॅनिटी व्हॅन रुजवली ती पूनम धिल्लन यांनी, नव्वदच्या दशकात. त्याआधी १९८२ साली आंध्रात एन. टी. रामारावांनी एका जुन्या शेव्हरोले व्हॅनचा रथ केला आणि काही महिन्यांत मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचले. जुन्या गाडीत घर करून माणसे कुठल्या कुठे जातात. आमचा पुतण्या वाशीमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात पोचला.

तिथे कळले की मुंबईची तारका मूळची दिल्लीची आहे.

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर येऊ देऊ नका, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बजावल्यापासून तिकडच्या वयस्क गाड्या वानप्रस्थाश्रमाला निघू लागल्या. त्यांतल्या एकीला आपण वऱ्हाडात आणलेत, हे पुण्यच. फक्त निघताना तिच्या पदरात कागद बांधायचे राहिले. दिल्लीच्या कार्यालयाची ना हरकत, म्हणजे अठ्ठावीस नंबरचा फॉर्म, नव्हता. एकोणतीस आणि तीस होते, पण वरती कोरे आणि खाली सही. ती कोणाची, हे सही करणाऱ्यालाच माहीत. ना हरकत नाही म्हणून एम. एच. ३७ची पाटी नाही, पाटी नाही म्हणून धोरणही नाही.

कर्ज फिटल्याचा पस्तीस नंबरचा फॉर्म आपण कदाचित आठवण म्हणून जवळ ठेवला असेल. सातबाऱ्यावरचा बोजा आम्हाला कळतो. आरसीवरही बोजा असतो आणि तो पुढच्या मालकाच्या अंगणापर्यंत येतो, हे शिक्षण आपले. सध्या गाडी आमच्या दारात, कर्ज एका वित्त कंपनीच्या वहीत आणि मालकी दिल्लीच्या कुणा अनोळखी सद्गृहस्थाकडे, अशी त्रिस्थळी यात्रा चालू आहे. ज्याच्या नावावर गाडीची नोंद, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. त्या सद्गृहस्थांना हे कुणी कळवले आहे काय? आपण कळवाल, अशी आशा. पत्ता आपल्याकडेच असेल.

चलनांचे म्हणाल तर विषय जिल्ह्याला नवा नव्हता. जुलै २०२४मध्ये पुण्याहून वाशीमला बदलून आलेल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांच्या वापरातल्या आलिशान गाडीची थकलेली चलने अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली होती. तरी आपल्या गाडीचा नंबर टाकल्यावर कार्यालयातला माणूस मोबाइलवर अंगठा सरकवत राहिला, सरकवत राहिला, शेवटी त्याने अंगठा बदलला.

नोंदणीसाठी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. आपल्या गाडीवर घासण्याआधी जागा पुसली, तर प्रथम काळा रंग निघाला, मग पुट्टी, मग पुन्हा रंग. अखेर मोजके आकडे उमटले, बाकीच्या ठिकाणी खरवडल्याच्या खुणा. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी मोटारींचे प्रसिद्ध रचनाकार दिलीप छाब्रिया यांना अटक केली, तेव्हा एकाच इंजिन-चेसिस क्रमांकावर एकाहून अधिक गाड्या नोंदवल्याचा आणि त्यांवर कर्जे उचलल्याचा आरोप पोलिसांनी केला होता. तिथे एका क्रमांकाला अनेक गाड्या, असा आरोप होता; आपण एका गाडीला एक क्रमांकही पुरा दिला नाहीत. काटकसर म्हणतात ती हीच.

कार्यालयातले साहेब गाडीत चढले, सोफ्यावर बसले, आरसी वाचली आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, “कागदावर ही पस्तीस आसनांची बस आहे. मला चार आसने दिसतात. बाकीचे एकतीस लोक कुठे बसतात?” पुतण्याने पलंगाकडे बोट दाखवले. ते धाडस आपल्याच सहवासातून आलेले.

कंपनीने बनवलेल्या गाडीचे रूप बदलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, मोटार कॅराव्हॅन असा स्वतंत्र वर्गही असतो, हे आपल्यासारख्या जाणत्याला ठाऊक नसेल असे मी म्हणणार नाही. विमाही त्याच पस्तीस आसनांच्या बसचा. तो नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायला विकत घेतल्यापासून चौदा दिवस असतात; ते उलटू देऊन आपण पॉलिसी कुरिअरने पाठवलीत. धांदल आपल्या स्वभावात नाही.

आता आपल्या दानतीविषयी. अठरा लाखांत आपण आम्हाला किती माल दिलात, हे रिसोडच्या धर्मकाट्यावर कळले. काटेवाल्याने विचारले, “माल काय हाय आतमंदी?” पुतण्या म्हणाला, “रिकामीच हाय.” काटेवाल्याने पुन्हा काट्याकडे पाहिले, मग पुतण्याकडे. ओट्याला संगमरवर, न्हाणीला जाड फरश्या, पलंगाला लोखंडी सांगाडा, भिंतींना दुहेरी प्लाय, मागे जनरेटर. आरसीवर गाडीचे भरून जेवढे वजन चालेल असे लिहिले आहे, जवळपास तेवढे तिचे रिकामे वजन भरले. पाण्याची टाकी तीनशे लिटरची; भरली की वर आणखी तीन क्विंटल. याचा अर्थ या घरातून प्रवास करायला हरकत नाही, फक्त माणसे, पाणी, डिझेल आणि भांडी बरोबर घेऊ नयेत.

पुतण्याचे लायसन्स हलक्या वाहनाचे. त्याची हद्द ७,५०० किलो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये तीच रेघ कायम धरली. आपला बंगला त्या रेघेच्या पलीकडे उभा आहे. तेव्हा मालक आत सोफ्यावर आणि पगारी ड्रायव्हर पुढे, असा थाट आपोआप जमून आला.

एवढे सगळे ओझे ज्यांच्यावर, त्या टायरांना आपण पॉलिश केले होते. काय चमकत होते! नक्षीही शाबूत. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मागच्या जोडीवर १११५ आहे. म्हणजे मार्च २०१५. जी गाडी उभी राहून म्हातारी होते तिची नक्षी झिजत नाही, रबर वाळते आणि आतून चिरते. मालेगाव जहांगीरला समृद्धी महामार्गावर चढावे, वैशाखातले तापलेले सिमेंट खाली, वर हे वजन, आणि मागे दहा वर्षांपूर्वीचे रबर. समृद्धीवर टायर फुटून काय होते, ते आमच्या भागात शाळकरी पोरेही सांगतात.

वैशाखातच आपण गाडी दिलीत, हाही मुहूर्ताचा विचार. मृगाच्या पहिल्या सरीला छताने तोंड उघडले. एसी बसवायला छत कापलेले, भोवतीचे रबर वाळून गेलेले. पाणी तिथून आत, तिथून प्लायमध्ये, प्लायमधून पलंगावर. अत्तराखाली दबलेला वास कसला होता ते त्या दिवशी कळले. कोपऱ्यातल्या नव्या कोऱ्या वॉलपेपरवर अंगठा दाबला की अंगठा आत जातो. घरातली लहान मुले हाच खेळ खेळतात. आता बरीच भोके झाली आहेत. खेळणी विकत आणावी लागत नाहीत.

मीटरवर बेचाळीस हजार किलोमीटर. मी ते खोटे म्हणत नाही. पेडलांचे रबर झिजून लोखंड दिसते, ते कुणी उभ्या गाडीत पाय आपटत बसला असेल म्हणून. पण अशा गाडीचे खरे आयुष्य किलोमीटरमध्ये नसतेच, हे रिसोडच्या मिस्त्रीने सांगितले. ती धावते थोडी, उभी राहते फार. आणि उभी असताना एसी, दिवे, फ्रीज, गिझर सगळे जनरेटरच्या जिवावर. जनरेटरला तासांचा वेगळा मीटर असतो. मिस्त्रीने तो पाहायला झाकण काढले, तर मीटरच्या जागी गोल भोक. तो म्हणाला, “भाऊ, गाडी निजली व्हती. हे बिचारं रात्रंदिवस राबत व्हतं.” मीटर आपण काढून ठेवलात, तो त्याच्या कष्टांची जाहिरात होऊ नये म्हणून. असा धनी कुणाला मिळतो!

मैल्याची टाकी आपण भरलेलीच दिलीत. रिकाम्या हाताने पाठवू नये, ही जुनी रीत. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग २०१८ साली हागणदारीमुक्त जाहीर झाला. आपल्या टाकीची झडप डाव्या वळणावर आपोआप उघडते, आणि गावाच्या तोंडाशीच डावे वळण आहे. अधिक काय लिहू.

स्वयंपाकघरासाठी घरगुती सिलिंडर, तोही पलंगाखाली, जुनाट नळीसकट. बॅटऱ्याही तिथेच, शेजारी.

शेठजी, पुढच्या गोष्टीबद्दल आभार मानायचे होते, ते जमत नाही. बसला मागे संकटकालीन दरवाजा असतो. आपण त्यावर प्लाय ठोकलात, प्लायवर कापड, कापडापुढे पलंगाचे लोखंडी डोके, आणि वर फुलांचे चित्र. १ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ एक बस दरवाजाच्या अंगावर उलटली आणि पेटली. पंचवीस माणसे गेली. सिंदखेडराजा आम्हाला शेजारचे. त्या दिवसापासून आमच्याकडची माणसे बसमध्ये चढली की आधी मागची काच बघतात. आपल्या गाडीला दरवाजा डाव्या बाजूला एकच आहे, आणि खिडक्यांना बाहेरून जाळी. पुतण्याच्या पोरी त्या पलंगावर झोपणार होत्या. ते प्लाय मी पहारीने काढले. बिलात ते ‘शोभेची मागची भिंत’ म्हणून आहे. त्याचे पैसे परत मागत नाही.

असो. पुन्हा सौजन्याकडे वळतो.

गाडी विकून टाकावी, असे घरात ठरले. पण पारखी कोण? आपल्याखेरीज कुणाचे नाव डोळ्यांपुढे येईना. पुतण्याने दुसऱ्याच नंबरवरून, दुसऱ्याच नावाने फोन केला. गाडीचे वर्णन आपल्याच जाहिरातीतून वाचून दाखवले. आपण आपला माणूस पाठवलात. तोच, ज्याने विकताना पुतण्याला बोनेट उघडू दिले नव्हते: ‘गरम आहे दादा, हात भाजेल.’ अंगणात त्याने गाडी ओळखली, क्षणभर थांबला, पण धंद्याची शिस्त मोडली नाही. त्याचे मला कौतुक वाटले.

तो सकाळी आला, लख्ख उन्हात. सोफ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. आधी हात बोनेटवर ठेवला, कुणी इंजिन तापवून तर ठेवले नाही ना, म्हणून. थंड इंजिन चालू करायला लावले आणि मागे जाऊन धुराचा रंग बघत उभा राहिला. निळसर धूर दिसला तशी मान हलवली. मग सतरंजी मागितली आणि गाडीखाली शिरला. हातोडीने चेसिस टकटक वाजवत गेला. जिथे आवाज बसका आला तिथे खडूची खूण. कमानपाट्यांना हात लावला, एक तुटका निघाला. खिशातून लोहचुंबक काढून पत्र्यावरून फिरवला. जिथे चिकटेना तिथे पुट्टी. खिशातूनच पेन्सिल काढली, चेसिस नंबरावर घासली, आणि हसला. शिडी लावून छतावर चढला, एसीभोवती बादलीभर पाणी ओतले आणि खाली उतरून आत बसून राहिला, घड्याळ लावून. मग जनरेटरवर एसी, गिझर, फ्रीज, दिवे सगळे एकदम सुरू केले. एकेक करून नव्हे, एकदम. जनरेटर बंद पडला. बॅटऱ्यांवरच्या तारखा वाचल्या, टायरांचे आकडे वाचले, कोपऱ्यात अंगठा दाबला. मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून बोजा आणि चलने पाहिली. “धर्मकाट्याची पावती हाय का?” असेही विचारले. मागचा पलंग सरकवून संकटकालीन दरवाजा उघडतो का ते पाहिले. तो उघडला, त्याचे श्रेय पहारीचे.

मी म्हटले, “बाळा, आतला सोफा बघितला नाहीस. टीव्ही वर येतो, बघ.” तो म्हणाला, “काका, सोफा वीस हजारात नवा भेटते. चेसिस भेटत नाही.”

त्याने गाडीचा भाव काढला साडेचार लाख, तोही कागदपत्रे ‘बघून घेऊ’ या बोलीवर. आपल्याला फोन लावला. आपण पलीकडून चार म्हणालात. आवाज मी लगेच ओळखला. अठरा सांगताना जेवढा प्रेमळ होता, तेवढाच.

व्यवहार झाला नाही. गाडी अंगणातच आहे. कोंबड्या न्हाणीत अंडी घालतात, आणि संगमरवरी ओट्यावर हळद वाळते.

कळावे. लोभ होताच, तो असाच असू द्यावा, ही विनंती.

आपला ऋणी (बोज्यासह),
पुतण्याचा काका
मु. पो. रिठद, ता. रिसोड, जि. वाशीम

ता. क. आपला माणूस जाताना त्याचा कागद ओट्यावर विसरला. गाडी घेताना काय काय बघायचे, ते सगळे त्यावर क्रमाने लिहिलेले आहे, अक्षर सुवाच्य आहे, आणि वर आपल्या दुकानाचे नाव छापलेले आहे. पावत्यांवर नव्हते ते चौथे. मी त्याच्या झेरॉक्स काढून घेतल्या. रिसोड, वाशीम, मेहकर, हिंगोली भागात आपली आणखी गिऱ्हाइके ठरत असतील तर त्यांचे पत्ते कळवावेत. टपालखर्च आमच्याकडे.